वाटखर्ची

जुन्नरकडून नाणेघाटाच्या माथ्यावर आले म्हणजे कोकणात उतरणाऱ्या खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण दिसतो, आणि सोबतचा वाटाड्या तो दाखवून हटकून सांगतो, की सातवाहनांच्या काळी घाट चढून येणारा प्रत्येक व्यापारी या रांजणात जकातीचे नाणे टाकीत असे व दिवस मावळेपर्यंत रांजण काठोकाठ भरत असे. ही कथा इतक्या पिढ्यांनी इतक्या विश्वासाने सांगितली आहे, की घाटाचे नावही तिच्यावरूनच पडले असावे असे मानण्याकडे मनाची ओढ राहते. त्याच खिंडीतल्या लेण्याच्या भिंतीवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. काळाने त्यातली बरीच अक्षरे खाल्ली आहेत. तरी जे वाचता येते त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आणि त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांची मोजदाद अंकांसह नोंदलेली आहे. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक त्या अंकांसाठी लेखाचा गौरव करतात. मला मात्र त्या खिंडीत उभे राहिले म्हणजे दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटते. खर्चाची बाजू शिळेवर कोरलेली आहे, जमेची बाजू रिकाम्या रांजणात आणि दंतकथेत राहिली आहे, आणि ज्या वाटेमुळे हे द्रव्य घाटमाथ्यावर आले त्या वाटेवर काय खर्ची पडले, याचा उल्लेख दोहोंपैकी कोठेच नाही.

आपल्या मुलखातील रस्त्यांच्या जमाखर्चाचा हा सर्वांत जुना नमुना म्हणावा, आणि पुढील दोन सहस्र वर्षांच्या दप्तरांत त्याच्याहून फारसा निराळा नमुना आढळत नाही. वाटसरूने काय दिले आणि वाटेला काय मिळाले, यांची गाठ एकाच पानावर क्वचितच पडते. आणखीही एक गोष्ट त्या पानावर सहसा नसते; ती म्हणजे रस्त्यावरून न चालता, नुसते त्याच्या कडेला जमीन बाळगून बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडले ती. मुंबई आणि तिच्या भोवतीचा वाढता प्रदेश यांच्या दळणवळणाचा इतिहास वाचताना मला वारंवार हाच तिसरा माणूस दिसत राहतो.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त या वाटकराला ‘वर्तनी’ असे सुंदर नाव आहे. सरहद्दीवरच्या अंतपालाने मालाने भरलेल्या वाहनामागे सव्वा पण घ्यावा, एका खुराच्या जनावरामागे एक पण, गुरामागे अर्धा, लहान जनावरामागे पाव आणि खांद्यावरच्या ओझ्यामागे एक माष घ्यावा, असे कोष्टक तेथे दिले आहे. ओझे जितके जड तितका कर अधिक, हे तत्त्व इतके स्वच्छ आहे की आजच्या नाक्यावरची पाटी त्याचेच भाषांतर वाटावी. परंतु कोष्टकाला लागूनच आणखी एक वचन आहे: वाटेत जे हरवेल किंवा चोरीस जाईल त्याची भरपाई त्याच अंतपालाने करावी. म्हणजे वर्तनी ही नुसती उगवणी नव्हती, तो एक करार होता. पुढच्या काळात दरांचे कोष्टक तेवढे टिकून राहिले आणि भरपाईचे कलम कोठे गळून पडले, ते कोणालाच समजले नाही.

मराठेशाहीत आणि पेशवाईत या कराची जी व्यवस्था होती तिला व्यवस्था म्हणावे की गुंतागुंत म्हणावे, हा प्रश्नच आहे. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर जितके महाल व जितक्या जहागिरी लागतील तितक्या ठिकाणी निरनिराळी जकात, असा तो प्रकार होता. घाटाच्या तोंडाशी मेट असे, मेटकरी पहारा करीत, घाटपांडे येणाऱ्याजाणाऱ्याची टिपणे ठेवीत. या शेवटच्या हुद्द्याचे आडनाव आजही पुण्यात घरोघरी भेटते, फक्त घाट आता त्यांच्या ध्यानीमनी नसतो. वंजाऱ्याचा तांडा मिठाची किंवा धान्याची पोती घेऊन निघाला म्हणजे मुक्कामाला पोहोचेपर्यंत किती नाके लागतील आणि कोठल्या कारकुनाची मर्जी किती पैशांत राखावी लागेल, याचा हिशेब साध्या सावकाराला करता येत नसे. त्यातूनच हुंडेकऱ्याचा धंदा उभा राहिला. अमुक ठिकाणचा माल तमुक ठिकाणी, वाटेतल्या सगळ्या जकातींसह, इतक्या रुपयांत पोहोचवून देतो, असा मक्ता तो घेई आणि नाक्यानाक्यांवर आपल्या ओळखीने वाट काढी. एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला त्यात या हुंडेकऱ्यांची दखल घेतली आहे. या जकातीतून रस्ते बांधले जात असे मात्र कोणी समजू नये. ती संरक्षणाची किंमत होती, फार तर परवानगीची. रस्त्यावर विहीर, धर्मशाळा, पाणपोई किंवा नदीला घाट हवा असेल, तर तो पुण्याच्या खात्यातून व्हायचा, आणि अहिल्याबाईंसारख्या एखाद्या थोर स्त्रीच्या खासगीतून झाला तर हिंदुस्थानभर व्हायचा.

इंग्रजी अमदानी आली तेव्हा बोरघाट हा बैलांच्या पाठीवरून माल उतरवण्याचा घाट होता. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तेथे गाडीचा रस्ता खुला केला, आणि पुण्याचा माल चाकांवरून कोकणात उतरू लागला. ज्या रस्त्यावर खर्च झाला त्याच रस्त्यावर पथकर घ्यायचा, ही विलायती टर्नपाइकची रीत या मुलखात रुळू लागली ती याच सुमारास. याच दशकात कंपनी सरकारला आणखी एक जाणीव झाली, की मुलखातल्या मुलखात फिरणाऱ्या मालावर जागोजाग घेतली जाणारी जुनी जकात व्यापाराच्या मुळावर येते. 1838 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातली ती जकात रद्द झाली. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत हा प्रसंग उदारमतवादाचा विजय म्हणून येतो, आणि नाक्यावर दिवसभर ताटकळणाऱ्या वंजाऱ्यापुरता तो खरोखरच तसा होता. परंतु सरकारी खजिन्यात जो खड्डा पडला तो भरून काढण्यासाठी आदल्याच वर्षी एक कायदा झाला होता आणि त्याने मिठावर मणामागे आठ आण्यांचा कर बसवला होता. वाट मोकळी झाली, आणि तिची किंमत भाकरीबरोबर मीठ खाणाऱ्या, आयुष्यात आपल्या कसब्याच्या बाजारापलीकडे न गेलेल्या माणसावर जाऊन बसली. 1844 साली हाच दर मणामागे एक रुपया करण्यात आला तेव्हा सुरतेत दंगा झाला आणि सरकारला तो उतरवावा लागला. मिठाच्या कराचा इतिहास सांगणारे बहुधा दांडीपासून मागे येतात. त्याचे एक मूळ घाटावरच्या जकातीच्या नाक्यात आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच काळात मुंबई बेटावर अगदी वेगळ्या रीतीने पैसा उभा राहिला. माहीम आणि वांद्रे यांच्या मधली खाडी होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात त्या होड्यांचा भरवसा नसे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन तेथे बंधारा बांधवला; 1845 साली तो खुला झाला, आणि त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून कधी कर घेऊ नये, ही अट त्या देणगीला जोडलेली होती असे सांगतात. पारशी गृहिणीच्या या औदार्यापुढे नम्र व्हावे, यात शंका नाही. तथापि वर ज्या तिसऱ्या माणसाचा उल्लेख केला तो येथे पहिल्यांदा ठळकपणे उभा राहतो. होडीच्या पलीकडचे वांद्रे आणि बंधाऱ्याच्या पलीकडचे वांद्रे ही दोन वेगळी गावे होती. भाताची खाचरे आणि ताडाची झाडे असलेल्या साष्टीच्या त्या किनाऱ्याला जे मोल पुढे आले, त्यात बंधाऱ्याचा वाटा केवढा तरी होता. पुण्य जमशेटजींच्या घराण्याच्या खाती जमा झाले, सोय सर्वांची झाली, आणि वाढलेले मोल ज्याची जमीन होती त्याच्याकडे गेले. त्याने ते मागितले नव्हते, त्यासाठी काही केले नव्हते, आणि त्याच्याकडे कोणी काही मागितलेही नाही.

यानंतर आगगाडी आली. 16 एप्रिल 1853 ची ती दुपार, बोरीबंदर ते ठाणे असा एकवीस मैलांचा प्रवास, तोफांची सलामी आणि चौदा डबे, हे सारे वर्णन मराठी वाचकाला मुखोद्गत आहे. त्या चौदा डब्यांखाली जी आर्थिक रचना होती ती तितकीशी मुखोद्गत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी 1849 साली जो करार झाला त्यान्वये सरकारने तिला जमीन फुकट दिली आणि भागधारकांना त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच दराने व्याजाची हमी दिली. गाडी नफ्यात चालो की तोट्यात, लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळायचेच, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे पर्यायाने शेतसाऱ्यातून आणि त्या मिठाच्या करातून भरून द्यायचे. अशा हमीखाली खर्चावर लगाम राहील, अशी अपेक्षा करणेच मनुष्यस्वभावाला सोडून होते. विल्यम मॅसी हे हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य होते. विलायतेतल्या संसदीय समितीपुढे साक्ष देताना त्यांनी कबूल केले, की हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्याचे विटाचुन्याचे काम होते, याची भांडवलदाराला पर्वा उरली नाही. दादाभाई नौरोजी आणि पुढे गणेश व्यंकटेश जोशी यांनी या प्रश्नाचा जो आकडेवार पाठपुरावा केला तो त्या पिढीच्या बुद्धीचे भूषण आहे.

तरीही या प्रकरणात एकेरी निकाल देण्याचे धाडस मला होत नाही. बोरघाटाची चढण 1863 साली पुरी झाली. पंचवीस बोगदे खोदून लोहमार्ग पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढवला गेला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला. पटकीने आणि अपघातांनी त्या कड्यांवर किती हजार मजूर दगावले याचा नेमका आकडा कोणाच्या वहीत उतरला नाही, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या घाटात कोरलेले नाही. हमीवाचून हे भांडवल आले असते का? बहुधा नसते आले. मुंबईच्या शेटियांनी, विशेषतः जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी यांनी, आगगाडीसाठी 1840 नंतरच्या वर्षांत मोठा उद्योग केला होता. पण घाट चढवण्याइतके द्रव्य केवळ उतारूंच्या भाड्याच्या भरवशावर कोणीही गुंतवले नसते. दोष हमी देण्यात जितका होता त्याहून अधिक तो हमीच्या विषम वाटणीत होता. तोटा रयतेचा, व्याज लंडनचे, आणि कल्याणपासून नागपूरपर्यंत स्टेशनांच्या भोवती ज्या जमिनींचे, वखारींचे आणि जिनांचे मोल वाढले, त्यांच्या वाढीतून एक पैही रुळांच्या खात्याकडे परत आली नाही. सरकारने ही कंपनी अखेर 1900 साली विकत घेतली, आणि तेव्हाही भागधारकांचा हिशेब चांगला जुळून आला.

गावच्या रस्त्यांकडे वळावे तर तेथे निराळाच न्याय होता. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होऊ लागला. 1869 च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले, आणि त्यातले दोन हिस्से रस्त्यांना व एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी ठरली. कल्पना वाईट नव्हती. रस्ता तालुक्याचा, पैसा तालुक्याचा, खर्च तालुक्यात. पण गाडीबैल नसलेल्या कुळालाही सारा होता आणि म्हणून आणाही होता, तर साराच न देणारा पेठेतला व्यापारी त्याच रस्त्याने कापूस नेऊन मुक्त राही. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या माथ्यावरच्या पट्ट्यांची जी जंत्री मांडली, तीत या लोकल फंडाचा राग स्पष्ट आहे.

तिसऱ्या माणसाला अखेर हिशेबात धरण्याचा पहिला गंभीर प्रयत्न घडला तो मात्र प्लेगमुळे. 1896 च्या साथीने मुंबई हादरली, आणि 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गल्ल्या पाडून वाऱ्याला वाट करून द्यायची, समुद्रापासून गोदीपर्यंत रुंद रस्ते काढायचे, आणि त्या रस्त्यांच्या कडेची जमीन आधीच ताब्यात घेऊन ती वाढलेल्या मोलाने पट्ट्यावर द्यायची, म्हणजे रस्ताच आपला खर्च आपण काढील, असा तो बेत होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या प्रशस्त वसाहती ही त्याची फळे. माटुंग्याच्या झाडांखालून फिरणाऱ्याला त्या नकाशाबद्दल कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या चाळी पाडल्या ते कोठे गेले, हा प्रश्न त्या फिरस्त्याला सहसा पडत नाही. ट्रस्टचे अंदाज मात्र फुगलेले निघाले, पट्टे लवकर उठले नाहीत, आणि 1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. दरम्यान 1915 चा नगररचना कायदा येऊन गेला होता. हिंदुस्थानातला असा पहिलाच. त्यात एक क्रांतिकारक म्हणावे असे कलम शांतपणे बसवलेले आहे: नगररचनेच्या योजनेमुळे जमिनीचे जे मोल वाढेल, त्याच्या निम्म्यापर्यंतचा वाटा जमीनमालकाकडून घेता येईल. तर्कशास्त्राच्या दृष्टीने या कलमाला उत्तर नाही. व्यवहारात मात्र वाढ किती झाली हे ठरवायचे कोणी, या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे कज्जे चालले, आणि अखेर हाती आले ते वसुलीच्या खर्चाच्या मानाने बेताचेच.

शहराच्या आत याच काळात निराळा तोडगा जवळजवळ अपघातानेच सापडला. 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीला निघाली. भाडे तीन आणे होते आणि लवकरच दोन आण्यांवर आले. 1905 च्या कराराने ट्राम आणि वीजपुरवठा हे दोन्ही व्यवसाय एकाच कंपनीच्या हाती आले, 1907 साली विजेची ट्राम धावली, 1926 साली बस आली, आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सारा बेस्ट उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. दिवा लावणाऱ्याने बसमध्ये बसणाऱ्याचा भार थोडासा उचलावा, अशी ही रचना कित्येक दशके बिनबोभाट चालली. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्यांचे वीजबिल हे परळच्या कामगाराच्या तिकिटाला आधार होते. कचेरीत येणारा कारकून त्याच बसने येत असे, तेव्हा हा व्यवहार धर्मादायाहून अधिक न्याय्य होता, असे मला वाटते. पुढे वीज नियामक आयोग आला, प्रत्येक धंद्याने आपापल्या पायांवर उभे राहावे असे नवे शास्त्र आले, परिवहनाच्या तुटीसाठी वीजबिलात वेगळी दाखवलेली आकारणी ग्राहकांच्या डोळ्यांत खुपू लागली, आणि ती काही वर्षांतच बंद झाली. पोटात दडलेले होते तोपर्यंत कोणाचे पोट दुखले नाही. कागदावर दिसले आणि भांडण लागले. 2019 साली महापालिकेच्या पैशावर बसचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले, आणि 2025 च्या मे महिन्यात ते दुप्पट झाले.

मोटारींच्या युगाला ज्याने एक वेगळी थैली शिवून दिली तो माणूस मराठी होता, हे सहसा सांगितले जात नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्ते बांधणे हे प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या ऐपतीबाहेर गेले आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी करावा, असे तिने सुचवले. 1929 साली गॅलनमागे चार आण्यांचे सहा आणे झाले, आणि त्या जादा दोन आण्यांतून केंद्रीय रस्ते निधी निघाला. वर्षअखेरीस शिल्लक राहील ती बुडीत न जाता पुढे ओढली जावी, ही त्यातली खरी चतुराई. सरकारी पैशाचा स्वभाव जयकरांना पुरता ठाऊक होता. जो जितका फिरेल तितके तेल जाळील आणि तितके देईल, हे वर्तनीचेच तत्त्व, फक्त नाक्यावाचून. विजेवर चालणाऱ्या मोटारी वाढू लागल्या तशी आता या थैलीची शिवणही उसवू लागली आहे. उलट एस.टी.च्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर गुपचूप बसलेला आहे, आणि तो भरणारा माणूस आठवडी बाजाराला टोपली घेऊन निघालेला असतो.

या साऱ्या प्रयोगांतला सर्वांत धाडसी प्रयोग खाडीपलीकडे झाला. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या समोर नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली, आणि तिच्या मुळाशी पैशाचा एक साधा विचार होता: जमीन शेतीच्या भावाने घ्यावी, पूल, रस्ते आणि रेल्वे यांनी तिचे मोल वाढवावे, आणि ती विकून त्याच पैशातून पूल, रस्ते आणि रेल्वे उभारावी. तिसरा माणूस म्हणून येथे सरकार स्वतःच उभे राहणार होते. 1970 साली सिडको स्थापन झाली, पंच्याण्णव गावांची जमीन संपादनाच्या कक्षेत आली, आणि 1992 साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल गाडी वाशीला गेली. त्या मार्गाच्या खर्चात सिडकोचा वाटा सदुसष्ट टक्के आणि रेल्वेचा तेहतीस टक्के, असा करार होता. हिंदुस्थानात जमिनीच्या किमतीने लोकल गाडी इतक्या उघडपणे पूर्वी कधी ओढली नव्हती. वाशीच्या स्टेशनावर डोक्यावर कचेऱ्यांचे मजले दिसतात ते शोभेसाठी नाहीत. रुळांना त्यांच्यातून भाडे मिळावे, हा हेतू होता.

पण ज्या आगरी-कोळ्यांच्या भातजमिनी आणि मिठागरे त्या जुन्या भावाने गेली, त्यांच्या दृष्टीने पाहिले तर मोल जमिनीतच होते आणि ते त्यांच्या हातून काढून घेतले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा वाद उभा राहिला. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईजवळ गोळीबार झाला, पाच माणसे मेली, आणि त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे सूत्र निघाले. मी या सूत्राकडे केवळ तडजोड म्हणून पाहत नाही. 1915 च्या कायद्याने मालकाकडून वाढीचा निम्मा वाटा मागितला होता. येथे मालकाने सरकारकडून वाढीचा आठवा हिस्सा मागून घेतला. दोन्ही मागण्यांचे तत्त्व एकच आहे, फक्त तराजूची पारडी उलट आहेत. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भूखंडांतून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हीच रीत चालवली, आणि मेट्रोच्या शहरांत घरखरेदीच्या मुद्रांकावर एक टक्का अधिभार बसला. तो अधिभार मला अर्धवट वाटतो. जो आज घर विकत घेतो त्याला तो द्यावा लागतो, मग त्याच्या दारात मेट्रो येवो की न येवो. आणि जो मेट्रोच्या खांबाखालची जमीन वीस वर्षे न विकता धरून बसतो, त्याला तो शिवतही नाही.

राहता राहिला पथकर. मुंबई इलाख्याचा 1875 चा पथकर कायदा मक्ते लिलावाने देण्याची मुभा देतो, आणि 1996 साली रस्ते विकास महामंडळ निघाले तेव्हा नव्या युगाची म्हणून जी भाषा बोलली गेली तिच्या पोटात हाच जुना मक्ता होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पथकराचा पंधरा वर्षांचा हक्क 2004 साली 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन दिला गेला. मुंबईतल्या पन्नासावर उड्डाणपुलांच्या संकल्पासाठी दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी असे पाच नाके शहराच्या वेशीवर उभे राहिले. कोल्हापूरकरांनी मात्र आपल्याच शहरात फिरण्याचा कर देण्यास साफ नकार दिला, नाके जाळले, आणि एन. डी. पाटील यांच्यासारखा वृद्ध नेता उन्हातान्हात मोर्चांच्या पुढे चालला. अखेर तेथला पथकर उठला. त्या आंदोलनात पैसे वाचवण्याची इच्छा होतीच, पण त्याहून मोठा होता तो हिशेब पाहण्याचा हट्ट. रस्त्याला किती लागले, मक्तेदाराने किती घेतले, किती राहिले. नाणेघाटात जे पान सापडत नाही तेच पान कोल्हापूरने मागितले होते.

2024 च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, तेव्हा मोटारीचा एका खेपेचा पथकर अडीचशे रुपये ठरला. पलीकडे उलव्याच्या जमिनींचे भाव त्याआधीच चढू लागले होते. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरच्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा पथकर बंद झाला. मुलुंडच्या नाक्यावर आता मोटारी न थांबता निघून जातात. एका कडेच्या रांगेत मालमोटारी तेवढ्या अजून उभ्या राहतात. काचेवरची पट्टी वाचली जाते, अडसर वर होतो, आणि मालाने भरलेले वाहन आपला सव्वा पण देऊन पुढे सरकते. वाटेत ताडपत्री फाडून कोणी पोते काढून नेले, तर ते कोणाकडे मागायचे, हे त्या चालकाला विचारून पाहावे.